काठावरचे शिंपले

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हा माळव्यातील मराठी मंडळींनी शिंपल्यांविषयी काही लिहावे, हे गोव्यातल्या किंवा कोकणातल्या वाचकांस थोडे धारिष्ट्याचे वाटेल. तिसऱ्यांची एकशिपी, खुबे, कालवे हे ज्यांच्या घरचे नित्याचे शब्द, त्यांच्यापुढे आम्ही काय सांगावे? आमच्या घरांत शिंपला आला तो बहुधा कोणी द्वारकेहून किंवा रामेश्वराहून आणलेल्या शोभेच्या डबीवर चिकटून, आणि काचेच्या कपाटात जाऊन बसला. तरीही हा विषय हाती घेण्यास आम्हांस एक आधार आहे, आणि तो आमच्या पायांखालीच आहे.

इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, धार जिल्ह्यात, बाघ नावाचे गाव आहे. तेथील बौद्ध लेणी पाहावयास जाणारे पुष्कळ असतात. ती लेणी ज्या वालुकाश्मात कोरलेली आहेत, त्याच्या वरच्या थरांकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. त्या परिसरातील टेकड्यांच्या उतारांवर आणि ओढ्यांच्या काठांवर फिकट रंगाचा, गाठी-गाठींचा चुनखडक उघडा पडलेला दिसतो. तो नीट न्याहाळला, तर त्यात शिंपले दिसतात. कालवे आहेत, पंख्यासारखे रेघांचे शिंपले आहेत, आणि इनोसेरामस नावाच्या एका नामशेष कुळाचे वलयांकित शिंपलेही आहेत. भूवैज्ञानिक ह्या खडकांस बाघ थर म्हणतात. त्यांचे वय सुमारे नऊ कोटी वर्षांचे आहे. त्या काळी पश्चिमेकडील समुद्र, आज जेथे नर्मदेचे खोरे आहे त्या खोलगट पट्ट्यातून आत शिरला होता. खंबायतच्या आखातापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत असलेला हा मुलूख तेव्हा उथळ, उबदार सागरतळ होता. म्हणजे समुद्र आमच्यापासून दूर आहे हे खरे. पण एके काळी तोच आमच्याकडे आला होता.

बाघच्या परिसरातील खडकांची मांडणी एखाद्या जुन्या घरातील भिंतीवरच्या रंगांच्या पापुद्र्यांसारखी आहे. सर्वांत खाली निमाडचा वालुकाश्म. त्यावर शिंपल्यांचा गाठाळ चुनखडक. त्यावर ‘प्रवाळी’ म्हणून ओळखला जाणारा दुसरा चुनखडक. वस्तुतः तो प्रवाळांचा नसून ब्रायोझोआ नावाच्या, वसाहती करून राहणाऱ्या अतिलहान प्राण्यांच्या सांगाड्यांचा बनलेला आहे. मग समुद्र ओसरल्यानंतर नद्यांनी आणि तळ्यांनी घातलेला लमेटा थर. ह्याच थरात डायनोसॉरांची अंडी सापडतात; धार जिल्ह्यातील अशी ९२ घरटी आणि त्यांतील २५६ अंडी यांचा वृत्तांत २०२३ साली संशोधकांनी प्रसिद्ध केला. आणि ह्या सर्वांवर, झाकणासारखा, आपला काळा कातळ.

‘आपला’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून हा कातळ झाला. सह्याद्री त्याचाच, शिवरायांचे बहुतेक किल्ले त्यावरच उभे, वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरलेले. पण ह्या कातळाचा विस्तार महाराष्ट्रापुरता नाही. माळव्याचे पठार त्याचेच आहे. वडोदऱ्याच्या वाचकांचा पावागड त्याचाच आहे. दक्षिणेकडे बेळगावच्या परिसरात त्याची कड संपत येते. सह्याद्रीत ह्या थरांची जाडी हजार मीटरांहून अधिक भरते, त्यामुळे त्याखाली काय दडले आहे हे तेथे उभे राहून डोळ्यांनी दिसत नाही. ते दिसते कडेला. जेथे कातळ विरळ झाला आहे आणि नर्मदेच्या उपनद्यांनी तो कापून काढला आहे, तेथे. मध्यभागी जे झाकलेले राहते ते काठावर उघडे पडते, ही गोष्ट बाघचा शिंपला हाती घेतला की समजते, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांच्या मनात ती घर करून बसते.

आता ह्या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. शिंपला म्हणजे दोन पुटांत राहणारा मृदुकाय प्राणी. दोन पुटे पाठीकडच्या बाजूस बिजागरीने जोडलेली असतात. दाराच्या बिजागरीत जसे खिळ्याभोवती कड्या एकमेकींत बसतात, तसे एका पुटावरचे दात दुसऱ्यावरच्या खाचांत बसतात. शिंपल्याचा रंग बदलतो, आकार जागेप्रमाणे वेडावाकडा होतो, पाठीवरची नक्षी झिजते. पण बिजागरीची घडण कुळाकुळात फार चिवटपणे टिकते. म्हणून शिंपल्याचे कूळ ओळखावयाचे असेल, तर जाणकार प्रथम त्याची बिजागरी पाहतो.

ह्या रचनेत एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. बिजागरीजवळ एक लवचीक बंध असतो, आणि त्याचा स्वभाव शिंपला उघडण्याचा असतो. मिटण्याचे काम आतले स्नायू करतात. म्हणजे उघडे पडण्यास शिंपल्याला काहीच करावे लागत नाही. मिटून राहण्यास मात्र सतत बळ लावावे लागते. प्राणी मेला की स्नायू सैल होतात आणि पुटे आपोआप उघडतात. पुढे लाटांनी ती एकमेकांपासून सुटतात. खडकात दोन्ही पुटे घट्ट मिटलेला शिंपला सापडला, तर तो बहुधा जिवंतपणीच किंवा मरताच गाळाखाली गाडला गेला असावा, असे अनुमान त्यावरून काढता येते.

ह्या घराण्याचा इतिहास फार जुना आहे. सर्वांत जुने शिंपले कँब्रियन काळातले, सुमारे बावन्न-त्रेपन्न कोटी वर्षांपूर्वीचे. ऑस्ट्रेलियातील पोजेटाया आणि उत्तर अमेरिका, सायबेरिया येथील फोर्डिला ही त्यांची नावे. आकाराने ते तांदळाच्या दाण्याएवढे, काही तर त्याहूनही लहान. पुढे ऑर्डोव्हिशियन काळात ह्या घराण्याच्या अनेक शाखा झाल्या. तरी कोट्यवधी वर्षे समुद्रतळावर वर्चस्व राहिले ते भुजपाद नावाच्या वेगळ्याच प्राण्यांचे. त्यांनाही दोन पुटे असतात, आणि वरवर पाहणाऱ्यास ते शिंपलेच वाटतात. पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर मोठा संहार झाला आणि समुद्रातील दहांपैकी आठांहून अधिक जाती नाहीशा झाल्या. त्यानंतरच्या समुद्रांत भुजपाद मागे पडले आणि शिंपले पुढे आले. आज भुजपादांच्या काही शे जाती उरल्या आहेत, तर शिंपल्यांच्या नऊ-दहा हजार.

शिंपल्यांनी भुजपादांना हरवले, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. १९८० साली स्टीफन जे गूल्ड आणि ब्रॅडफर्ड कॅलोवे ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन्ही घराण्यांची दीर्घकालीन मोजदाद मांडून ह्या समजुतीला हरकत घेतली. दोघांची एकमेकांशी झुंज झाली असे आकडे सांगत नाहीत; एकाच आपत्तीने एकाला फार मारले, दुसऱ्याला कमी मारले, आणि पुढचा काळ ज्याचा त्याचा वेगळा गेला, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या प्रश्नावर चर्चा पुढेही चालू राहिली. पण जो उरला तो श्रेष्ठच असला पाहिजे असे धरून चालू नये, एवढा सावधपणा तीतून घेण्यासारखा आहे.

शिंपल्यांचे पुढे भरभराटीस येण्याचे एक कारण १९६८ साली स्टीव्हन स्टॅन्ली यांनी दाखविले. शिंपल्याच्या अंगाभोवती प्रावार नावाचे कातडीसारखे आवरण असते. काही कुळांत त्याच्या कडा एकमेकींस जुळून दोन नळ्या तयार झाल्या. एकीने पाणी आत घ्यावयाचे, दुसरीने बाहेर सोडावयाचे. ह्या नळ्या वर ठेवून प्राणी वाळूत खोल बसू लागला. खेकडे आणि शिंपल्यास भोक पाडणारे गोगलगायींचे भाईबंद समुद्रात वाढत होते, त्या काळात ही सोय मोलाची ठरली. बाजारात तिसऱ्या पाण्यात ठेवल्या असता दोन बारीक नळ्या बाहेर काढतात, ते गोव्यातल्या वाचकांनी पाहिले असेल. तो ह्या जुन्या युक्तीचाच वारसा.

पण एवढा मंद प्राणी जगभर पसरला कसा? ह्याचे उत्तर त्याच्या बालपणात आहे. बहुतेक सागरी शिंपल्यांची अंडी पाण्यातच फळतात आणि त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे डिंभ निघतात. हे डिंभ काही दिवस, काही जातींत काही आठवडे, पाण्याबरोबर वाहत राहतात. कालवाची एक मादी एका मोसमात लाखो अंडी सोडते. त्यांतील बहुतेक माशांच्या पोटी जातात. जी उरतात ती कोठे तरी तळाला लागतात, आणि तेथील पाणी, गाळ आणि अन्न मानवले तर तेथेच आयुष्य काढतात. प्रवास एकदाच, तोही बालपणी. नंतर स्थिर वस्ती. कोठे जावयाचे हे डिंभ ठरवीत नाही. लागलेल्या जागी तग धरावयाचा, एवढेच त्याच्या हाती असते.

बाघच्या चुनखडकातील इनोसेरामस हे ह्या प्रसाराचे नामांकित उदाहरण. क्रिटेशस काळात हे कूळ युरोप, अमेरिका, जपान, ग्रीनलंड, भारत अशा परस्परांपासून दूर असलेल्या समुद्रांत एकाच वेळी नांदत होते. काही जाती बशीएवढ्या, तर काही माणसाच्या उंचीला लागणाऱ्या. त्यांच्या जाती लवकर लवकर बदलत आणि दूरवर पसरत. म्हणून एका ठिकाणच्या खडकाचे वय दुसऱ्या ठिकाणच्या खडकाशी ताडून पाहण्यास त्यांचा फार उपयोग होतो. बाघच्या थरांचे वय ठरविण्यातही त्यांची साक्ष घेतली गेली आहे. इतके सर्वत्र पसरलेले हे कूळ. पण क्रिटेशस काळ संपण्यापूर्वीच त्याला ओहोटी लागली आणि काळाच्या अखेरीनंतर त्याचा मागमूस उरला नाही. सर्वत्र असणे म्हणजे टिकून राहणे नव्हे.

ह्याच्या उलट हकीकत ट्रायगोनियाची आहे, आणि ह्या लेखाचे खरे कारण तीच आहे. ट्रायगोनिया म्हणजे त्रिकोणी. जाड पुटांचा, पाठीवर गाठींच्या किंवा कंगोऱ्यांच्या रांगा असलेला हा शिंपला जुरासिक आणि क्रिटेशस समुद्रांत जवळजवळ जगभर होता. त्याच्या बिजागरीचे दात मोठे आणि आडव्या खाचांचे असतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत. कच्छच्या जुरासिक खडकांत त्याचे शिंपले विपुल सापडतात. तेथील एका जातीस १८४० साली सॉवर्बी ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ट्रायगोनिया स्मीआय असे नाव दिले. पुढे १९०९ ते १९१३ ह्या काळात बर्लिनच्या संग्रहालयाचे पथक पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, तेंडागुरू येथे डायनोसॉरांच्या हाडांसाठी उत्खनन करीत होते. तेथील हाडांच्या थरांमध्ये सागरी थर आहेत, आणि त्यांतील एकास कच्छच्या ह्याच शिंपल्याचे नाव दिले गेले. आफ्रिकेतील जात किंचित निराळी, पण सख्ख्या बहिणीसारखी, असे आता मानतात. कच्छ आणि टांझानिया यांच्यामध्ये आज अरबी समुद्र पसरला आहे. पण त्या काळी भारत आणि आफ्रिका एकाच महाखंडाचे भाग होते, आणि त्यांच्यामध्ये अरुंद, उथळ समुद्र नुकता शिरू लागला होता. त्याच्या काठाकाठाने ही भावंडे पसरली. भूखंड दूर गेले. बिजागरी सारखीच राहिली.

क्रिटेशस काळाच्या अखेरीस, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, पुन्हा एक संहार झाला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला अशनी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. आपल्या काळ्या कातळाच्या लाव्ह्याचाही त्यात काही हात असावा, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. ट्रायगोनियाही त्यात गेली, असे दीर्घकाळ सर्वांस वाटत होते. युरोपच्या संग्रहालयांत तिचे दगडी शिंपले भरपूर होते. जिवंत प्राणी कोणीच पाहिला नव्हता. मग १८०२ साली बोदँ यांच्या फ्रेंच सफरीबरोबर गेलेल्या फ्रांस्वा पेराँ ह्या तरुण निसर्गशास्त्रज्ञास टास्मानियाच्या किनाऱ्यावर ताजे शिंपले मिळाले. आतून मोत्यासारखे चकाकणारे, आणि बिजागरीचे दात तेच, आडव्या खाचांचे. १८०४ साली लामार्क यांनी पॅरिसमध्ये त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पेराँना मिळाली होती ती रिकामी पुटे. आतला प्राणी पाहावयास मिळण्यास आणखी सुमारे पाव शतक जावे लागले. तो मिळाला तेव्हा त्याचा पाय इतका बळकट निघाला, की तो त्या पायाच्या झटक्याने उडी घेऊ शकतो, हे पाहून पाहणारे थक्क झाले. ज्यास शास्त्राने दगड समजून फडताळात ठेवले होते, ते उड्या मारीत होते.

आज ह्या कुळाच्या मोजक्याच जाती जिवंत आहेत, आणि त्या सर्व ऑस्ट्रेलियाच्या भोवतालच्या समुद्रात. डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात ह्या शिंपल्याचा उल्लेख केला आहे. एखादे कूळ नाहीसे झालेले दिसले तरी कोठे तरी त्याची एखादी जात उरलेली असू शकते, नाश बहुधा एकाएकी होत नाही, हे सांगण्यासाठी. पुढे ऑस्ट्रेलियातील मधल्या काळाच्या खडकांतही ह्या कुळाचे शिंपले सापडले, आणि साखळीतील तुटलेली कडी जुळली.

हे कूळ तेथेच का टिकले? जाणकार येथे सावधपणे बोलतात, आणि ते योग्यच आहे. ट्रायगोनियाजवळ त्या नव्या नळ्या नाहीत. ती वाळूत खोल बसत नाही, वरच्या थरातच राहते. नव्या युक्त्या शिकलेले तिचे अनेक समकालीन नाहीसे झाले, आणि ही जुन्या रीतीची एका कोपऱ्यात उरली. पण ती जशीच्या तशी उरली, असेही नव्हे. जुन्या ट्रायगोनियाच्या पाठीचे दोन भाग असत आणि दोहोंवरची नक्षी निरनिराळी असे. आजच्या जातींत साऱ्या पाठीवर एकाच तऱ्हेचे कंगोरे पसरले आहेत. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तिला निओट्रायगोनिया, म्हणजे नवी ट्रायगोनिया, असे वेगळे नाव दिले. बिजागरी जुनी, पाठ नवी, असा हा जीव आहे. ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द अशा प्राण्यांना लावतात. पण जीवाश्म काळाबरोबर पाठ बदलीत नाही.

ह्या कुळाचे आजचे सर्वांत जवळचे नातलग कोठे आहेत, हे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. ते समुद्रात नाहीत. नद्या-तळ्यांतले, गोड्या पाण्याचे मोठे शिंपले हे ट्रायगोनियाचे चुलतभाऊ. निदान वीस कोटी वर्षांपूर्वीच ही शाखा गोड्या पाण्यात स्थिरावली होती. नर्मदेत ते आहेत, गोदावरीत आहेत, गावोगावच्या तळ्यांतही असत. आमच्या घरी कैऱ्या सोलावयास असाच एक नदीचा शिंपला होता. पाठीकडून दगडावर घासून त्याला भोक पाडलेले, आणि त्या भोकाच्या धारेने साल कशी पातळ आणि सलग निघे! कैरीच्या मोसमात आमच्या आजी तो फडताळातून काढीत आणि मोसम संपताच धुऊन, पुसून परत ठेवीत. त्याच्या आतल्या बाजूची मोतिया झाक पाहत आम्ही भावंडे त्यासाठी भांडत असू. त्या साध्या शिंपल्याचे भाऊबंद कच्छच्या कड्यांत दगड होऊन पडले आहेत आणि टास्मानियाच्या समुद्रात जिवंत आहेत, हे तेव्हा सांगणारे कोणी नव्हते.

नदीच्या शिंपल्यांची प्रसाराची रीत निराळी आहे. वाहत्या नदीत डिंभ मोकळे सोडले तर प्रवाह त्यांना समुद्रात नेऊन टाकील. म्हणून त्यांची पिल्ले माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिमट्यासारखी चिकटतात, त्याच्याबरोबर प्रवाहाच्या उलट जातात, आणि योग्य वेळी सुटून तळाशी बसतात. ज्या नदीतून मासे गेले त्या नदीत शिंपल्यांचा वंशही खुंटतो; जुने शिंपले काही वर्षे तग धरतात, पण त्यांच्यामागे नवे येत नाहीत. जगभर गोड्या पाण्यातील शिंपले आज अत्यंत धोक्यात असलेल्या प्राण्यांत मोडतात. अशा नदीत पाहणाऱ्यास शिंपले भरपूर दिसतात. सगळे म्हातारे असतात, एवढेच.

प्राण्यांच्या कथेतून माणसांसाठी तात्पर्य काढण्याची घाई करू नये, हे आम्ही जाणतो. आमच्या पूर्वजांस कोणत्या प्रवाहाने वाहून आणले नाही. होळकर, शिंदे, पवार, गायकवाड यांच्या स्वाऱ्यांबरोबर आणि त्यांच्या दरबारांच्या आश्रयाने अठराव्या शतकापासून ते जाणूनबुजून आले; पुढचे नोकरीच्या निमित्ताने आले. ते लागले तेथे स्थिरावले, एवढेच साम्य. तरीही बाघच्या चुनखडकासमोर उभे राहिले असता काही विचार मनात आल्यावाचून राहत नाहीत. आमच्या मराठीस पुण्याकडील नातलग हसतात. ती हिंदीने पाठ रंगविलेली आहे, हे खरेच. पण त्याच मराठीत असे काही शब्द आणि अशा काही लकबी टिकून आहेत, ज्या त्यांच्याकडे नव्या थरांखाली झाकल्या गेल्या. वडोदऱ्याची, हैदराबादची, बेळगावची मराठी ऐकली तरी हेच जाणवते. पाठ ज्या त्या प्रांताची, बिजागरी तीच. पाठ बदलली म्हणून खंत करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पाठ बदलत राहणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. दारावरची मराठी पाटी, गणपतीचे दहा दिवस, चैत्रातले हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ हे सारे आमच्याकडे नीट चालले आहे. त्या सोहळ्यांस नातवंडे येतात, मराठीत विचारलेले त्यांना कळते, आणि उत्तर ती हिंदीत देतात. त्यांचा दोष नाही. चांगली पुटे त्यांना वारशाने मिळाली. आतला जीव त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आमचे होते आणि आहे. मेळाव्यातील गर्दी पाहून समाधान वाटते खरे, पण त्या गर्दीचे सरासरी वय मोजले तर मासे नसलेल्या नदीची आठवण होते. भाषा पुढच्या पिढीस चिकटून प्रवाहाच्या उलट जावी लागते. तिला वाहून नेणारे कोणी नसेल, तर म्हाताऱ्यांची संख्या हा काही तिच्या आयुष्याचा पुरावा नव्हे. आणि मिटून, एकत्र राहण्यास बळ लागते. उघडे पडून विखुरण्यास काहीच लागत नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. माळव्यातील वाचकांनी येत्या हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन बाघला जावे. लेणी पाहावीतच, पण चुनखडकही पाहावा. शिंपला दिसला तर बोट फिरवून पाहावा आणि तेथेच राहू द्यावा. जीवाश्म जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला, हे सांगण्याची त्याची शक्ती निम्मी होते, आणि मागाहून येणाऱ्यांचा तर तो हक्कच आहे. वडोदऱ्याच्या मंडळींना कच्छ आहे. गोव्याच्या वाचकांना तर बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांतही ही सारी शरीररचना शिकता येईल. बिजागरी कशी बसते, मिटवणारे स्नायू कोठे चिकटतात, नळ्या कशासाठी असतात, हे सर्व मुलांना दाखवावे, आणि ते मराठीत सांगावे. दात, खाच, बिजागरी, पुट, थर, गाळ, कातळ: ह्या कामास लागणारे शब्द आपल्याजवळ केव्हाचे आहेत. मुले प्रश्न विचारतील. ते हिंदीत आले तरी उत्तर मराठीत द्यावे, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी.